सावित्रीबाईंची शुश्रूषा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाला गर्दीची सवय आहे. १८५७च्या उठावात औरंगाबादच्या छावणीतील घोडदळाच्या ज्या शिपायांनी बंड केले, त्यांना झालेल्या देहान्त शासनाची आणि काळ्या चबुतऱ्याची आठवण याच परिसराशी जोडलेली आहे. अश्वारूढ शिवछत्रपतींच्या पुतळ्यासमोर आजवर किती मोर्चे जमले, याची गणतीच नाही. ९ ऑगस्ट २०१६ रोजीचा पहिला मराठा क्रांती मूक मोर्चाही येथूनच निघाला. मोर्चा कोणाचाही असो, फलकांवर फुले, शाहू, आंबेडकर ही नावे बहुधा असतातच. अलीकडे सावित्रीबाईंची तसबीरही आवर्जून दिसते. हाती पुस्तक घेतलेल्या, अंगावर शेण-चिखल झेलत शाळेकडे निघालेल्या सावित्रीबाई आपल्या मनात पक्क्या बसल्या आहेत आणि ते योग्यच आहे.

परंतु त्यांच्या आयुष्यातील एक कालखंड कोणत्याही चौकात मांडता येण्याजोगा नाही. तो पुण्याच्या गंज पेठेतील एका घरात, एका आजारी माणसाच्या खाटेशेजारी गेला. जुलै १८८८ ते नोव्हेंबर १८९० हे अठ्ठावीस महिने सावित्रीबाईंनी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या जोतीरावांची शुश्रूषा केली. बहुतेक चरित्रांत या काळाच्या वाट्याला जेमतेम एखादा परिच्छेद येतो. वास्तविक, त्यांचे उभे आयुष्य समजून घेण्याची किल्ली याच महिन्यांत सापडते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह जोतीरावांशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. पत्नीला त्यांनी घरातच अक्षरओळख करून दिली आणि १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सतरा वर्षांच्या सावित्रीबाई शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. १८४९ मध्ये वडिलांचे घर सोडावे लागले तेव्हा दोघांनी ते बरोबरच सोडले. पुढे मूल होत नाही म्हणून जोतीरावांवर दुसऱ्या लग्नासाठी आप्तांचा आग्रह झाला. त्यांनी तो साफ नाकारला. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. या दोघांचे नाते असे आरंभापासूनच एकमेकांच्या भरवशावर उभे होते.

या संसारात आजारपणाला, अडचणीत सापडलेल्या माणसाला नेहमीच जागा होती. १८५६ मध्ये सावित्रीबाई स्वतः आजारी पडून नायगावी माहेरी राहिल्या होत्या. भावाने आपली किती मनापासून सेवा केली, हे त्यांनी तेथून जोतीरावांना पत्राने कळवले होते. १८६३ मध्ये या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. वैधव्यात दिवस गेलेल्या स्त्रियांना तेथे गुपचूप बाळंत होता येई आणि मूल तेथेच ठेवून जाण्याचीही सोय होती. असे गृह चालवायचे म्हणजे केवळ उदार विचार पुरत नाहीत. बाळंतिणीचे पथ्यपाणी, रात्री रडणारी तान्ही मुले, ताप, दूध, दुपटी हे सारे कोणाला तरी करावे लागते. ते सावित्रीबाईंनी केले. तेथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला १८७४ मध्ये त्यांनी दत्तक घेतले. १८७६-७७च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम निघाला. तेथेही त्यांचे श्रम होतेच. शाळेत शिकवणारी सावित्री आणि रुग्णाच्या उशाशी बसणारी सावित्री अशा दोन स्त्रिया नव्हत्याच.

१८८८ हे वर्ष जोतीरावांच्या सार्वजनिक आयुष्याचे शिखर म्हणावे असे उजाडले. मार्च महिन्यात ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीला ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राजपुत्रासमोर शेतकऱ्यांची दैना मांडून आले. ११ मे रोजी मुंबईतील मांडवी येथे त्यांचा जाहीर सत्कार झाला आणि लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोन महिनेच लोटले होते. जुलैमध्ये अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू निकामी झाली. वय एकसष्ट. सावित्रीबाई सत्तावन्न वर्षांच्या होत्या आणि यशवंत जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा.

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, तेव्हा पक्षाघात होतो. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, की शरीराची उजवी बाजू लुळी पडते. आज सीटी स्कॅन करून काही मिनिटांत दोहोंपैकी काय घडले ते कळते आणि गुठळी असेल तर साडेचार तासांच्या आत ती विरघळवणारे औषध देता येते. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात यातले काहीच नव्हते. रक्तदाब मोजण्याचे सुटसुटीत साधनही तेव्हा डॉक्टरांच्या हाती आलेले नव्हते. जोतीरावांवर उपचार केले ते त्यांचे स्नेही आणि सत्यशोधक समाजातील सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. ते नामांकित शल्यचिकित्सक होते. त्यांनी शर्थ केली. पण या दुखण्यात डॉक्टर येऊन जातो आणि उरलेला दिवस घरच्यांचा असतो, हे ज्यांच्या घरी असा रुग्ण झाला आहे त्यांना सांगायला नको.

उजवे अंग गेलेल्या माणसाला कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास भरवताना ठसका लागणार नाही याची काळजी घ्यावी लागते. अंग पुसणे, कपडे बदलणे, मलमूत्राची व्यवस्था, लुळा हात-पाय हलवत राहणे, हे रोजचे. त्याहून अवघड असते ते मनाचे दुखणे. काल-परवापर्यंत सभा गाजवणारा माणूस आज पाण्याच्या पेल्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहतो, तेव्हा त्याची चिडचिड, त्याचे गप्प होणे, त्याची निराशा झेलणारे माणूस एकच असते. त्यात घरची आर्थिक बाजूही ढासळत होती. बांधकामाची कंत्राटे आणि व्यापार यांतून जोतीरावांनी कधीकाळी चांगला पैसा मिळवला होता. मात्र त्यातला मोठा वाटा शाळांना आणि समाजकार्याला गेला होता. आता मिळकतीचा हात थांबला, औषधपाण्याचा खर्च वाढला आणि यशवंताचे शिक्षण तर अर्ध्यावरच होते. या साऱ्याची तोंडमिळवणी करण्याचे ओझे सावित्रीबाईंवर होते.

अशा स्थितीत घडलेली एक गोष्ट विलक्षण आहे. काहीसा उतार पडल्यावर जोतीराव पुन्हा लिहू लागले. उजवा हात चालत नव्हता, म्हणून डाव्या हाताने. मानवाची समता, स्त्री-पुरुषांचे समान हक्क आणि सत्यधर्माची आचरणसूत्रे सांगणारे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी १८८९ मध्ये याच अवस्थेत पुरे केले. ते छापून आलेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. यशवंताने ते १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. साठी उलटलेल्या माणसाने नवा हात वळवून ग्रंथ लिहिला, याचे कौतुक आपण करतो आणि करावेच. पण पक्षाघाताच्या रुग्णाने लिहायचे तर त्याला बसते करावे लागते, थकवा ओळखून थांबवावे लागते आणि काही तास तरी घरातली काळजी त्याच्यापासून दूर ठेवावी लागते. पुराणातल्या सावित्रीने यमाकडून नवऱ्याचे प्राण परत मागून आणले. गंज पेठेतील सावित्रीबाईंनी पतीला त्याचे अपुरे काम पुरे करण्यापुरता निवांतपणा मिळवून दिला. ग्रंथावर एकच नाव आहे, पण त्या घराचे श्रम दोघांचे होते.

आजारपणातच, फेब्रुवारी १८८९ मध्ये, यशवंताचा विवाह ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने झाला. विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला मुलगी मिळणे सोपे नव्हते. अंथरुणावरच्या पित्याच्या डोळ्यांदेखत हे कार्य पार पडले, याचे मोल त्या दोघांनाच ठाऊक असणार. पुढच्या वर्षी घरची ओढाताण पाहून मामा परमानंद यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना मदतीसाठी पत्र लिहिले. जोतीरावांचा गौरव करतानाच, त्यांच्यापेक्षाही त्यांच्या पत्नीची थोरवी अधिक आहे, असे या जाणत्या माणसाने त्यात आवर्जून कळवले होते. समकालीनांपैकी निदान एकाने तरी खाटेशेजारच्या त्या स्त्रीकडे नीट पाहिले होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. आपला देह मिठात पुरावा, अशी इच्छा त्यांनी १८८७ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात नोंदवली होती. वस्तीच्या जागी दफनास परवानगी मिळाली नाही आणि दहन करावे लागले. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी वाद काढला. टिटवे धरण्याचा अधिकार दत्तक मुलाचा नव्हे, आमचा, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले, प्रेतयात्रेच्या अग्रभागी चालल्या आणि पतीला अग्नी दिला. बाईमाणसाने स्मशानात जाणेच जेथे निषिद्ध, तेथे हे धैर्य कोठून आले असेल? अठ्ठावीस महिने ज्या देहाला त्यांनी धुतले, भरवले, वळवले, त्या देहावर शेवटचा हक्क कोणाचा, याविषयी त्यांच्या मनात शंका उरली नसावी.

त्यानंतरही त्या घरात बसल्या नाहीत. सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी सांभाळली. जोतीरावांचे चरित्र सांगणारे 'बावनकशी सुबोध रत्नाकर' हे काव्य १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा डॉक्टर झालेल्या यशवंताला बोलावून घेऊन त्यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घालून तेथे आणले. मुलगा वाचला, पण त्याची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. बालहत्या प्रतिबंधक गृहातील तान्ही मुले, दुष्काळातली उपाशी लेकरे, अर्धांगाने लुळा पडलेला पती आणि प्लेगने फणफणलेला परका पोर, या सर्वांना सावरणारे हात एकच होते.

आज मराठवाड्याच्या गावोगावहून पक्षाघाताचे रुग्ण छत्रपती संभाजीनगरला, घाटी रुग्णालयात आणले जातात. तोंड वाकडे होणे, हात गळून पडणे, बोबडी वळणे यांपैकी एक लक्षण दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे आता पुष्कळांना माहीत झाले आहे. पहिल्या काही तासांत उपचार मिळाले, तर कित्येकजण चालत घरी जातात. बाकीच्यांच्या घरी मात्र खरी लढाई रुग्णालयातून सुटल्यावर सुरू होते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, म्हणून व्यायाम चुकवून चालत नाही. तो करवून घेणारी व्यक्ती बहुतेक घरांत पत्नी, सून किंवा लेक असते. तिची झोप, तिचे पाठदुखणे, तिचे एकटेपण यांची चौकशी भेटायला येणारे पाहुणे क्वचितच करतात.

क्रांती चौकातून पुढचा मोर्चा निघेल तेव्हा फलकावर सावित्रीबाई असतीलच. त्यांना वंदन करून घरी परतणाऱ्याने शेजारच्या एखाद्या अशा घराची कडी जरूर वाजवावी. रुग्णाची विचारपूस करून झाल्यावर, त्याच्या उशाशी बसलेल्या बाईला दोन तासांची उसंत द्यावी आणि तेवढा वेळ त्या खुर्चीत आपण बसावे.