विंदा करंदीकर : जीवन आणि ‘राणीची बाग’

गोविंद विनायक करंदीकर यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात झाला. शिक्षण कोल्हापुरात झाले. रत्नागिरी आणि पुढे मुंबईतील रुईया, एस. आय. ई. एस. आदी महाविद्यालयांत त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. मराठवाड्याशी त्यांचा संबंध केवळ पाठ्यपुस्तकांतून आलेला नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांनी भाग घेतला आणि त्यापायी कारावासही भोगला. ज्या संस्थानात नांदेड-लातूरकडील मुलांना वरच्या इयत्तांत मातृभाषा सोडून उर्दूतून शिकावे लागे, त्या संस्थानाविरुद्धच्या लढ्यात कोकणातला हा तरुण उतरला होता. त्यांच्यावरील लेखनात ही घटना बहुधा एका वाक्यात उरकली जाते. मुलांसाठी लिहिणाऱ्या विंदांचा विचार करताना मात्र ती ध्यानात ठेवावी लागते.

‘स्वेदगंगा’ (१९४९), ‘मृद्गंध’ (१९५४) आणि ‘धृपद’ (१९५९) या संग्रहांनी विंदांचे स्थान निश्चित केले. वसंत बापट व मंगेश पाडगावकर यांच्यासमवेत त्यांनी महाराष्ट्रभर केलेली काव्यवाचने सर्वपरिचित आहेत. कविता कानांनी ऐकायची असते, ही त्यांची धारणा या वाचनांतून दृढ झाली असावी.

‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ हे त्यांचे बालकवितासंग्रह १९६१ साली प्रसिद्ध झाले. भायखळ्याचे व्हिक्टोरिया उद्यान मुंबईकरांच्या तोंडी राणीची बाग झाले होते. तेथील प्राणिसंग्रहालय हे पहिल्या संग्रहाचे निमित्त. मराठी मुलाला प्राणी तोवर भेटत आले ते मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट अंगणातल्या चिऊ-काऊची, दुसरी पंचतंत्रातल्या धूर्त कोल्ह्याची आणि मूर्ख गाढवाची. दुसऱ्या वाटेवर प्रत्येक प्राण्याच्या पाठीवर एकेक बोध लादलेला असे. जिराफ, झेब्रा, पाणघोडा, कांगारू यांसारख्या परदेशी प्राण्यांना मात्र आपल्या परंपरेत कोणतीही नीतिकथा चिकटलेली नाही. त्यांच्याकडे पाहताना मूल प्रथम चकित होते आणि मग हसते. विंदांनी नेमके हे चकित होणेच बालकवितेच्या केंद्रस्थानी आणले. यमक त्यांच्याकडे पाठांतराची सोय म्हणून येत नाही. अनपेक्षित यमक अनपेक्षित कल्पनेला जन्म देते. इंग्रजीतील निरर्थिकांची परंपरा या प्राध्यापकाला परिचित होती हे उघड आहे. तिचे अनुकरण मात्र येथे नाही, कारण लय आणि खट्याळपणा दोन्ही अस्सल मराठी आहेत.

या कवितेचे शैक्षणिक मूल्य मुंबईबाहेर अधिक जाणवते. कंधार, मुखेड किंवा औशाच्या मुलाला राणीची बाग पाहायला मिळणे ही काही सहजसाध्य गोष्ट नव्हे. त्याच्या दृष्टीने कविता हेच पहिले प्राणिसंग्रहालय असते. न पाहिलेल्या प्राण्याचे नाव आधी त्याच्या जिभेवर खेळते, आकृती मागाहून येते. वर्गात अशा कवितेखाली ‘यातून काय बोध मिळतो’ हा प्रश्न विचारला की तिचा जीवच जातो. शिक्षकांनी हा मोह टाळलेला बरा.

पुढे ‘सशाचे कान’ व ‘एटू लोकांचा देश’ (१९६३), ‘परी ग परी’ (१९६५), ‘अजबखाना’ (१९७४), ‘सर्कसवाला’ (१९७५) असे संग्रह येत राहिले. ‘परी ग परी’च्या वर्षीच त्यांनी केलेला ‘फाउस्ट’च्या पहिल्या भागाचा अनुवाद प्रसिद्ध झाला, तर ‘अजबखाना’च्या वर्षी ‘राजा लिअर’. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणणारा विद्वान त्याच काळात मुलांसाठी यमके जुळवत होता. समीक्षेने या दोन विंदांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले. बालकविता प्रौढ कवितेची पुरवणी ठरली. हे वर्गीकरण टिकणारे नाही. ‘विरूपिका’तील (१९८१) विपरीत कल्पनांचे बीज मुलांसाठीच्या या कवितांत शोधता येते, आणि ते काम अद्याप पुरेसे झालेले नाही.

वयाच्या पंचाहत्तरीत, १९९३ साली, त्यांचे ‘टॉप’, ‘सात एके सात’ आणि ‘बागुलबोवा’ हे तीन बालकवितासंग्रह प्रकाशित झाले. ‘अष्टदर्शने’ हे तत्त्वचिंतनपर काव्य २००३ मधले. त्याच वर्षाचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, वि. स. खांडेकर व कुसुमाग्रज यांच्यानंतर हा मान मिळालेले ते तिसरे मराठी साहित्यिक होत. पुरस्कारांच्या रकमा त्यांनी सामाजिक कार्याला देऊन टाकल्या. १४ मार्च २०१० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.