रुग्णांची कैवारी

इंग्लंडमधील एक सधन दांपत्य इटलीच्या प्रवासात असताना १२ मे १८२० रोजी फ्लॉरेन्स या नगरात त्यांना मुलगी झाली. नगराचेच नाव त्यांनी मुलीला ठेवले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल मोठी बुद्धिमान होती. ग्रीक व लॅटिन या भाषा तिला वडिलांनीच शिकविल्या. गणिताची तर तिला विलक्षण गोडी. परंतु तिचे मन रमे ते आजाऱ्यांच्या उशाशी. १८४५ साली इस्पितळात राहून शुश्रूषा शिकण्याची परवानगी तिने मागितली, तेव्हा घरावर जणू वीजच कोसळली. अडाणी व मद्यपी बायकांनी करावयाचे काम, असा त्या काळी परिचारिकेच्या कामाविषयी लोकांचा समज होता. आईने साफ नकार दिला. फ्लॉरेन्सने हट्ट सोडला नाही. घरचे लोक उठण्यापूर्वी पहाटे मेणबत्तीच्या उजेडात ती रुग्णालयांचे अहवाल वाचीत बसे. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे तीन महिने शिकण्याची संधी तिला लाभली.

१८५३ साली लंडनमधील स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था फ्लॉरेन्सबाईंकडे आली. त्यांनी प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ मागितला, अन्न वर चढविण्यासाठी पाळणा मागितला आणि कोणत्या रुग्णाने बोलाविले हे कळावे अशी घंटेची सोय मागितली. परिचारिकेचे पाय जिन्यावरच झिजले, तर रुग्णापाशी बसणार कोण? त्यांचा हिशेब असा साधा होता.

पुढच्याच वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी इंग्रज शिपायांना काळ्या समुद्रातून जहाजाने तुर्कस्तानातील स्कुटारी येथे आणीत आणि एका प्रचंड बराकीत ठेवीत. सरकारच्या विनंतीवरून अडतीस परिचारिकांसह फ्लॉरेन्सबाई ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तेथे पोहोचल्या. ओसऱ्यांतून बिछान्यांच्या रांगाच रांगा लागल्या होत्या. उंदीर, दुर्गंधी, अपुरी भांडी, मळलेली वस्त्रे! आणि एवढे असून लष्करी डॉक्टरांना या बायकांची मदत नको होती. बाईंनी वाद घातला नाही. डॉक्टर बोलावीत नाहीत तोपर्यंत एकाही परिचारिकेने रुग्णाला हात लावावयाचा नाही, अशी त्यांनी सक्त ताकीद दिली. थोड्याच दिवसांत जखमींचा लोंढा आला आणि डॉक्टरांनी आपण होऊन त्यांना हाक मारली.

त्यांनी स्वयंपाकघर उभारले, धुलाईची सोय केली. रात्री हातात कंदील घेऊन त्या रांगांमधून फिरत. (चित्रांत त्यांच्या हाती दिवा दाखवितात, खरा कंदील तुर्की घडणीचा, घडीचा होता.) मरणोन्मुख शिपायांच्या वतीने त्या त्यांच्या घरी पत्रे लिहीत. शिपाई म्हणजे दारूत पगार उडविणारा, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. बाईंनी पैसे घरी धाडण्याची सोय करून दिली, आणि त्याच शिपायांनी आपल्या बायकामुलांसाठी हजारो पौंड पाठविले.

तरीही माणसे मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या दर शंभरांतील सुमारे बेचाळीस दगावत होते, आणि तेही बहुतेक जखमांनी नव्हे, रोगांनी. मार्चमध्ये आलेल्या तज्ज्ञांनी बराकीखालची तुंबलेली गटारे साफ केली, पाणी शुद्ध केले, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा दोनवर आले.

१८५६ मध्ये बाई स्मिथ असे नाव घेऊन गुपचूप मायदेशी परतल्या. लोक त्यांचा जयजयकार करीत होते. त्या मात्र आकडे मांडीत बसल्या. आपण जेथे रात्रंदिवस राबलो, तेथेच इतकी माणसे घाणीने मेली, हे त्या आकड्यांतून दिसत होते. ते सत्य त्यांनी लपविले नाही. बालपणीचे गणित येथे कामी आले. महिन्यामहिन्याचे मृत्यू दाखविणारी रंगीत वर्तुळाकार आकृती त्यांनी काढली. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या रंगात. निळा भाग तांबड्याहून कितीतरी मोठा! मंत्र्यांना लांबलचक अहवाल वाचण्याचा कंटाळा असतो, परंतु चित्र दिसल्यावाचून राहत नाही. सैन्याच्या आरोग्यव्यवस्थेत सुधारणा सुरू झाल्या.

युद्धात जडलेल्या तापाने त्या स्वतः पुढे कित्येक वर्षे खोलीला खिळून राहिल्या. आता त्याच रुग्ण! याच काळात, १८५९ च्या अखेरीस, शुश्रूषेवरील त्यांचे छोटे पुस्तक निघाले. दाराबाहेर कुजबुजू नये, कारण रुग्ण कान देऊन ताटकळतो. त्याच्या मागे उभे राहून बोलू नये, समोर बसावे. न खाल्लेले ताट त्याच्याजवळ तसेच ठेवू नये. लवकर बरा होशील, अशी पोकळ आशा लावू नये. अशा बारीकसारीक गोष्टी त्यात आहेत. आज मूत्रपिंडे निकामी झालेला मनुष्य आठवड्यातून दोन-तीन वेळा तासन्‌तास रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडलेला असतो. त्या काळी असे यंत्र नव्हते. परंतु पडून राहणाऱ्याच्या मनाची तळमळ तीच होती.

१८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची शुश्रूषाशाळा निघाली. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण येथील सैनिकांच्या व रयतेच्या आरोग्याविषयी त्यांनी वर्षानुवर्षे लिखाण केले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचा देहान्त झाला. वेस्टमिन्स्टर ॲबीत थोरांच्या शेजारी दफन करण्याची सूचना आली होती. त्यांच्या इच्छेला अनुसरून आप्तांनी ती नाकारली. हॅम्पशरमधील एका खेड्याच्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. दगडावर नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरलेले आहे.