फटफटीवरचा लॉरेन्स

वाळूजला १९८५ पासून दुचाकी तयार होतात. इथल्या पोरांना फटफटीचे एवढे वेड का, हा आईबापांचा जुना प्रश्न. त्यांनी टी. ई. लॉरेन्सकडे पाहावे. अरबस्तानात गाजलेला हा कर्नल कीर्तीला कंटाळून १९२२ साली नाव बदलून हवाई दलात साधा शिपाई झाला. सुट्टी मिळाली की एकटाच ‘ब्रफ सुपीरियर’ दामटायचा. अशा सात गाड्या त्याने वापरल्या. वेगात माणूस स्वतःलाही विसरतो, त्याला तेच हवे असावे. १३ मे १९३५ रोजी सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी वारला, वय ४६. उपचार करणारे डॉ. ह्यू केर्न्स हळहळले आणि अभ्यासाला लागले. १९४१ साली ब्रिटिश लष्करातल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले.