विश्लेषण : अकरा दिवसांत ॲस्पिरिन आणि हेरॉइन… फेलिक्स हॉफमन यांच्या दोन औषधांची गोष्ट काय सांगते?

एकाच रसायनशास्त्रज्ञाने, एकाच प्रयोगशाळेत, एकाच महिन्यात दोन औषधे तयार केली. एकावर हृदयाला घातक असल्याचा संशय घेतला गेला. दुसऱ्याला निर्धोक ठरवून खोकल्यावर देण्यात आले. पहिले ॲस्पिरिन, दुसरे हेरॉइन. दोन्ही अंदाज साफ चुकले. शिवाय जे वाचले त्या ॲस्पिरिनचेही धोके कळायला पुढची अनेक दशके लागली. मेडिकलमधून सहज मिळणारी गोळी बिनधोक असतेच का, या प्रश्नाचे उत्तर फेलिक्स हॉफमन यांच्या चरित्रात सापडते.

फेलिक्स हॉफमन कोण होते?

हॉफमन यांचा जन्म २१ जानेवारी १८६८ रोजी जर्मनीतील लुडविग्सबर्ग येथे झाला. तरुणपणी त्यांनी औषधांच्या दुकानांत काम केले. त्यातून रसायनशास्त्राची गोडी लागली आणि ते म्युनिक विद्यापीठात दाखल झाले. १८९३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी, नामवंत रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ फॉन बेयर यांच्या शिफारशीने ते बायर कंपनीच्या एल्बरफेल्ड येथील प्रयोगशाळेत रुजू झाले. हे गाव आज वुपर्टाल शहराचा भाग आहे. नावातील साम्यामुळे गल्लत होते, पण प्राध्यापक बेयर यांचा या कंपनीच्या मालकीशी संबंध नव्हता.

बायर ही मूळची कापडाचे रंग बनवणारी कंपनी. रंगांच्या कारखान्यातील रसायनांपासून औषधेही बनतात, हे तिच्या लक्षात आले होते. १८८८ मध्ये तिने बाजारात आणलेले फेनासेटिन हे ताप-वेदनेवरील औषध जोरात खपत होते. बराच काळ घेतल्यास ते मूत्रपिंडाला इजा करते, हे पुढच्या शतकात उघड झाले आणि अनेक देशांनी ते बंद केले. हॉफमन रुजू झाले तेव्हा मात्र ते यशाचे उदाहरण मानले जात होते.

ऑगस्ट १८९७ मध्ये काय घडले?

विलो झाडाच्या सालीचा काढा ताप आणि अंगदुखीवर देण्याची रीत युरोपात जुनी होती. त्याच धाटणीचे सॅलिसिलिक आम्ल १८७४ पासून जर्मनीत कारखान्यात तयार होऊ लागले होते. संधिवाताच्या रुग्णांना त्याने आराम पडे, पण पोटात जळजळ आणि मळमळ होई, कानात आवाज येई. चवही सहन न होणारी. हॉफमन यांच्या वडिलांना संधिवात होता आणि त्यांना हे औषध सोसत नव्हते, म्हणून मुलाने नवे औषध शोधले, अशी कथा सांगितली जाते. ही कथा छापून आली ती १९३४ मध्ये, म्हणजे शोधानंतर ३७ वर्षांनी.

मूळ औषधाच्या रेणूला ॲसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट जोडायचा, म्हणजे त्याचा त्रास कमी होईल, ही त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांची नेहमीची युक्ती होती. १० ऑगस्ट १८९७ रोजी हॉफमन यांनी सॅलिसिलिक आम्लावर ती वापरली आणि शुद्ध, टिकाऊ ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल मिळवले. अकरा दिवसांनी, २१ ऑगस्टला, त्यांनी हीच युक्ती अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिनवर केली. त्यातून डायॲसिटिलमॉर्फिन तयार झाले.

दोन्ही पदार्थ जगात पहिल्यांदाच बनले असे नव्हे. पहिला १८५३ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल गेरहार्ट यांनी अशुद्ध रूपात, तर दुसरा १८७४ मध्ये लंडनमध्ये ॲल्डर राइट यांनी तयार केला होता. औषध म्हणून त्यांना बाजाराची वाट मिळाली ती हॉफमन यांच्या कामानंतर.

ॲस्पिरिन मागे का पडले?

नव्या पदार्थांची तपासणी करणाऱ्या विभागाचे प्रमुख होते हाइनरिख ड्रेसर. सॅलिसिलिक आम्लाच्या जातीची औषधे हृदय दुर्बल करतात, असा समज त्या वेळी डॉक्टरांमध्ये होता. ड्रेसर यांनाही हीच भीती वाटत होती, त्यामुळे त्यांनी हॉफमन यांच्या पहिल्या पदार्थात फारसा रस घेतला नाही. त्यांचे लक्ष दुसऱ्या पदार्थावर होते.

क्षयरोग आणि न्यूमोनिया हे तेव्हा मृत्यूचे मोठे कारण होते. प्रतिजैविके आलेली नव्हती. रात्रभर खोकून हैराण झालेल्या रुग्णाला झोप लागावी, एवढेच डॉक्टरच्या हाती असे. त्यासाठी मॉर्फिन आणि कोडीन दिले जाई, पण मॉर्फिनचे व्यसन लागते हे सर्वांना ठाऊक होते. व्यसन न लावता खोकला थांबवणारे औषध हवे होते. डायॲसिटिलमॉर्फिन हेच ते औषध, असे ड्रेसर यांना वाटले. प्राण्यांवर आणि मोजक्या माणसांवर केलेल्या चाचण्यांच्या आधारे त्यांनी १८९८ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथील वैज्ञानिकांच्या परिषदेत त्याची शिफारस केली. कंपनीने त्याला नाव दिले हेरॉइन. जोरदार, वीरासारखे परिणामकारक, अशा अर्थाच्या जर्मन शब्दावरून ते घेतले होते.

वर्षभरात बायर सुमारे एक टन हेरॉइन बनवू लागली आणि ते २३ देशांत जाऊ लागले. गोळ्या, पूड, सिरप अशा रूपांत ते मिळे. हा सगळा व्यवहार पूर्णपणे कायदेशीर होता.

चूक कधी लक्षात आली?

चाचण्या थोड्या दिवसांच्या होत्या आणि व्यसन हळूहळू लागते, त्यामुळे धोका आधी दिसला नाही. हेरॉइन मॉर्फिनपेक्षा लवकर मेंदूत शिरते आणि तिथे त्याचे पुन्हा मॉर्फिनमध्ये रूपांतर होते. म्हणजे ॲसिटिल गट जोडल्याने मॉर्फिनचा दोष गेला नव्हता, उलट ते मेंदूपर्यंत वेगाने पोहोचू लागले होते.

काही वर्षांतच डॉक्टरांच्या लक्षात आले की रुग्णांना तोच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा वाढवावी लागते. औषध बंद केले की त्रास सुरू होतो. अमेरिकेतील रुग्णालयांत हेरॉइनच्या आहारी गेलेले लोक येऊ लागले. बायरने १९१३ मध्ये उत्पादन थांबवले. अमेरिकेने १९२४ मध्ये ते बनवण्यावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये मात्र हाच पदार्थ डायामॉर्फिन या नावाने, कडक देखरेखीखाली, असह्य वेदनांवर आजही दिला जातो. म्हणजे औषध किंवा विष हे केवळ पदार्थावर ठरत नाही. मात्रा, कालावधी आणि देखरेख यांवर ते ठरते.

मग ॲस्पिरिन तरी निर्धोक होते का?

हॉफमन यांचा पहिला पदार्थ १८९९ मध्ये ॲस्पिरिन या नावाने बाजारात आला. काही वर्षांत ते घरोघरी पोहोचले आणि १९१५ पासून चिठ्ठीशिवाय मिळू लागले. हृदयाला ते घातक नव्हते. मात्र त्याचे खरे धोके वेगळे होते आणि ते एकामागून एक उलगडत गेले.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत काही डॉक्टर दिवसाला ८ ते ३१ ग्रॅम ॲस्पिरिन देत होते. आज प्रौढांसाठी दिवसाला सुमारे ४ ग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. साथीतील काही मृत्यूंना फ्लूइतकीच ही अतिमात्राही कारणीभूत असावी, अशी मांडणी २००९ मध्ये एका अमेरिकी संशोधिकेने केली. त्यावर एकमत नाही. पण इतक्या मात्रेत ॲस्पिरिनमुळे फुप्फुसांत पाणी होऊ शकते, यात शंका नाही.

१९३८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून ॲस्पिरिन घेतलेल्यांचे जठर तपासले. बहुतेकांच्या आतल्या अस्तरावर लाली आणि इजा दिसली. असे का होते, हे १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी उलगडले आणि त्यासाठी त्यांना १९८२ चे नोबेल मिळाले. शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वेदना आणि सूज वाढवतात. ॲस्पिरिन ती बनू देत नाही, म्हणून आराम पडतो. पण हीच द्रव्ये जठराचे आम्लापासून रक्षणही करतात. म्हणजे औषधाचा गुण आणि दोष एकाच क्रियेतून येतात. ॲस्पिरिन रक्तातील प्लेटलेट पेशींनाही एकमेकींना चिकटू देत नाही. त्यामुळे हृदयविकाराच्या रुग्णाच्या रक्तवाहिनीत गुठळी होणे टळते आणि त्याच कारणाने दुसऱ्या कुणाच्या जठरातून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

मुलांबाबतचा धोका आणखी उशिरा कळला. ऑस्ट्रेलियातील डग्लस राय यांनी १९६३ मध्ये मुलांमध्ये मेंदूला सूज आणि यकृत बिघाड घडवणाऱ्या आजाराचे वर्णन केले. कांजिण्या किंवा फ्लूमध्ये ॲस्पिरिन दिलेल्या मुलांत तो जास्त आढळतो, हे १९८० च्या सुमारास दिसून आले. अमेरिकेत १९८० मध्ये अशा ५५५ रुग्णांची नोंद झाली होती. १९८६ मध्ये वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे झाले. १९८७ नंतर कोणत्याही वर्षी ही संख्या ३६ च्या वर गेली नाही. ॲस्पिरिन बाजारात येऊन तोवर ८७ वर्षे झाली होती.

हॉफमन यांचे पुढे काय झाले?

या दोन औषधांनंतर हॉफमन प्रयोगशाळेत फार राहिले नाहीत. कंपनीने त्यांना औषधविक्री विभागाचे प्रमुख केले आणि १९२८ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. त्यांनी लग्न केले नाही. निवृत्तीनंतर ते स्वित्झर्लंडमध्ये राहिले. ८ फेब्रुवारी १९४६ रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

श्रेयाचा वाद त्यांच्या मृत्यूनंतर पेटला. बायरमधील त्यांचे ज्येष्ठ सहकारी आर्थर आयशेनग्रून हे ज्यू होते आणि नाझी राजवटीत त्यांना छळछावणीत राहावे लागले. ॲस्पिरिनची दिशा आपण ठरवली होती, हॉफमन यांनी आपल्या सांगण्यावरून प्रयोग केला, असा दावा त्यांनी १९४९ मध्ये केला. ड्रेसर यांचा विरोध असताना आपण ते गुपचूप डॉक्टरांकडे पोहोचवले, असेही त्यांनी लिहिले. त्याच वर्षी ते वारले. २००० मध्ये स्कॉटलंडमधील औषधांचे अभ्यासक वॉल्टर स्नीडर यांनी त्यांची बाजू उचलून धरली, तर बायरने ती नाकारली. हेरॉइनच्या श्रेयासाठी मात्र असा वाद कुणी घातला नाही.

आज याचा अर्थ काय?

हॉफमन यांच्या प्रयोगवहीत दोन्ही पदार्थ शुद्ध होते. कोणता माणसाला किती सोसेल, हे त्या वहीतून कळणे शक्य नव्हते. ते कळले रुग्णांवर लक्ष ठेवणाऱ्या, नोंदी करणाऱ्या डॉक्टरांमुळे. आजही नवे औषध काही हजार लोकांवर तपासून बाजारात येते आणि क्वचित होणारे दुष्परिणाम ते लाखो लोकांनी घेतल्यावरच दिसतात.

ॲस्पिरिनबाबतचा सल्ला तर अजूनही बदलतो आहे. हृदयविकार नसतानाही खबरदारी म्हणून रोज छोटी गोळी घेण्याची पद्धत अनेक वर्षे होती. २०१८ मध्ये सुमारे १९ हजार निरोगी ज्येष्ठांवरील अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. अमेरिकी तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये साठीनंतर अशी गोळी नव्याने सुरू करू नये, असे सुचवले. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी बंद करणे धोक्याचे ठरू शकते.

डेंग्यूचा संशय असलेल्या तापात ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळावे, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नये. जठरात व्रण असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर साधी वेदनाशामक गोळीही डॉक्टरांना सांगूनच घ्यावी. काळी शौच, रक्ताची उलटी, कानात सतत आवाज यांकडे दुर्लक्ष करू नये.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. त्याच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, रुग्ण किंवा नातेवाईकही माहिती देऊ शकतात. औषधाचे नाव, ते कधी सुरू केले आणि काय त्रास झाला, एवढे सांगितले तरी नोंदीची सुरुवात होते.