नाडीही पाहिली, शिलालेखही वाचले

भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलं की पोरं पेंग्विन बघायला पळतात आणि आपण बायका पर्स, पाण्याच्या बाटल्या सांभाळत त्यांच्या मागे. शेजारीच एक देखणं म्युझियम उभं आहे, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. दारावरचं नाव सगळे वाचतात, पण हे भाऊ दाजी कोण, असं विचारलं तर दहातल्या नऊ जणी गप्प बसतील. माझ्या ओळखीतल्या काहींना तर भाऊ आणि दाजी ही दोन माणसं वाटतात! तर मैत्रिणींनो, माणूस एकच. भाऊ हे घरात हाक मारायचं नाव आणि दाजी हे वडिलांचं. त्यांच्या धाकट्या भावालाही लोक नारायण दाजी म्हणत. तोही डॉक्टरच झाला.

गोव्यात पेडण्याकडचं मांद्रे हे त्यांचं गाव. जन्म १८२२ चा. घरची गरिबी. पोट भरायला कुटुंब मुंबईत आलं आणि वडील मातीच्या बाहुल्या विकू लागले. भाऊ लहानपणी बुद्धिबळ फार छान खेळत. त्यांचा खेळ पाहून त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी या मुलाला इंग्रजी शिकवा असा सल्ला वडिलांना दिला, असं सांगतात. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही, पण पोरगा एल्फिन्स्टनमध्ये शिकला आणि तिथेच शिक्षक झाला हे मात्र खरं.

मला हा माणूस आवडायला लागला तो त्यांच्या पहिल्या मोठ्या लिखाणामुळे. कच्छ-काठियावाडातल्या जाडेजा रजपुतांमध्ये मुलगी जन्मली की तिला मारून टाकायची चाल होती. ‘दूधपीती’ करणं म्हणत त्याला, म्हणजे बाळाला दुधात बुडवायचं. किती गोड शब्द आणि किती भयानक काम! या चालीवर निबंध लिहायची स्पर्धा लागली, भाऊंनी लिहिलं आणि बक्षीस मिळवलं. १८४७ मध्ये तो निबंध छापूनही आला. तेव्हा ते पंचविशीचे होते आणि अजून डॉक्टर झालेले नव्हते. आमच्या महिला मंडळात गर्भलिंग तपासणीवर बोलायची वेळ येते तेव्हा मी हे हटकून सांगते. आपल्या महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४. मधल्या काळात, १९९४ ला, कायदाही झाला होता. दूध गेलं, सोनोग्राफी आली, दुसरं काय!

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ ला सुरू झालं. भाऊ पहिल्याच तुकडीत दाखल झाले आणि १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आणि अडलेल्या बाळंतिणी यांसाठी त्यांचं नाव झालं. गरिबांना ते आणि नारायणराव फुकट तपासत. त्या काळी मोठ्या घरची बाईसुद्धा परक्या पुरुषाला हात दाखवायला तयार नसे. तिथे देशी डॉक्टरवर बायका विश्वास टाकतात ही गोष्ट मला पदवीहून मोठी वाटते.

त्यांच्या डॉक्टरकीतला सगळ्यात वादाचा भाग म्हणजे कुष्ठरोगावरचं औषध. कडू कवठीच्या बियांच्या तेलाने रोग आटोक्यात येतो असं त्यांना दिसलं. हे झाड आपल्या पश्चिम घाटातलं, गावच्या वैदूंना माहीत असलेलं. भाऊंनी ते रोग्यांना नेमाने देऊन गुण येतो का ते पाहिलं. पण औषध नेमकं कोणतं, हे मात्र त्यांनी लवकर उघड केलं नाही. यावरून इतर डॉक्टरांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. टीका करणाऱ्यांचं मला पटतं. ज्या रोगामुळे माणसाला घराबाहेर काढत, त्याचं औषध मुठीत झाकून कसं ठेवायचं? पण दुसरी बाजूही आहे. अर्धवट खात्रीचं औषध बाहेर गेलं की नाक्यानाक्यावर बाटल्या विकणारे उभे राहतात, हे आपण करोनाच्या वेळी पाहिलंच.

याच जातीच्या झाडांच्या तेलाची पुढची हकिगत ऐकण्यासारखी आहे. तेल पोटात गेलं की उलट्या व्हायच्या आणि टोचायला ते फार घट्ट. हवाईमध्ये ॲलिस बॉल नावाच्या तरुण कृष्णवर्णीय मुलीने १९१५ च्या सुमारास त्या तेलावर प्रक्रिया करून ते टोचता येईल असं केलं. १९१६ मध्ये ती अवघ्या चोविसाव्या वर्षी गेली. तिच्या कॉलेजच्या प्रमुखाने ते काम पुढे नेलं आणि तिचं नाव न घेता स्वतःच्या नावावर छापलं. १९४० च्या दशकात सल्फोनची औषधं येईपर्यंत जगभर कुष्ठरोग्यांना याच तेलाचा आधार होता. ॲलिसचं नाव मात्र लोकांना कळायला कितीतरी वर्षं जावी लागली.

नावाचा हा प्रश्न भाऊंच्या दुसऱ्या कामातही येतो. दिवसभर रोगी तपासणारा हा माणूस रात्री ताम्रपट, नाणी आणि पोथ्या घेऊन बसे. ब्राह्मी अक्षरं, जुनी संस्कृत, लेण्यांतले लेख यांत ते रमून जात. १८६३ मध्ये त्यांनी अजिंठ्याच्या लेखांवर लिहिलं. त्याआधी कालिदासावर लिहिलं होतं. कालिदास म्हणजेच काश्मीरचा राजा मातृगुप्त, असं त्यांचं म्हणणं. ते पुढे कोणी मान्य केलं नाही. पण आर्यभटाच्या बाबतीत त्यांचं काम पक्कं ठरलं. आर्यभटाच्या मूळ ग्रंथाच्या पोथ्या त्यांनी मिळवल्या आणि १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. आपलं वय तेवीस असताना कोणतं वर्ष चालू होतं ते आर्यभटाने ग्रंथातच सांगून ठेवलंय. त्यावरून जन्म इसवी सन ४७६ चा निघतो. आणि हो, नाव आर्यभट, आर्यभट्ट नव्हे, हेही भाऊंनी तेव्हाच दाखवून दिलं होतं. आपल्या मुलांच्या वह्यांत अजून दोन ‘ट’ असतात ते सोडा!

त्याच निबंधात भास्कराचार्यांबद्दल एक रत्न आहे. चाळीसगावजवळ पाटणला, जिथे पाटणादेवीच्या दर्शनाला आपल्याकडच्या बायका जातात, तिथल्या देवळातला एक लेख भाऊंनी उजेडात आणला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने तिथे मठ काढला, असं त्यात कोरलंय. मठ चालायचा कसा? इथे गंमत आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात, पण पैशाचा हिशोब आला की भाषा जुनी मराठी होते. बाजारातल्या खरेदी-विक्रीवर काही ठरावीक हिस्सा, तेलाच्या घाण्यामागे थोडं तेल, असं मठाला द्यायचं ठरलं. म्हणजे गणित शिकवायचा खर्च तेली आणि बाजारात येणारी साधी माणसं उचलत होती! त्यांना कळायला हवं म्हणून त्यांच्या भाषेत लिहिलं असावं. आपल्या संस्थांनी अहवाल कोणत्या भाषेत लिहावा हे यावरून शिकायला हरकत नाही. लेखात भास्कराचार्यांची वंशावळही आहे, बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. ज्या लीलावतीच्या नावाचं गणित आपण ऐकतो ती कुठेच नाही. ती लेक होती ही पुढची दंतकथा.

आता हे सगळं एकट्या डॉक्टराने दवाखाना सांभाळून कसं केलं? तर एकट्याने केलंच नाही. जुनागढचा भगवानलाल इंद्रजी नावाचा एक तरुण होता. गिरनारच्या पायथ्याचा शिलालेख बघत बघत त्याने ब्राह्मी अक्षरं आपली आपणच शिकून घेतली होती. रासमाळा लिहिणाऱ्या फोर्ब्स साहेबांमुळे तो भाऊंपर्यंत पोचला. भाऊंनी त्याला पगारावर ठेवलं आणि लेण्यालेण्यांतून, गावागावांतून हिंडायला पाठवलं. उन्हात शिडीवर चढून, वटवाघळांच्या घाणीत उभं राहून अक्षरांचे ठसे घ्यायचे, हे काम भगवानलालचं. मुंबईत बसून अर्थ लावायचा आणि इंग्रजीत लिहायचं, हे भाऊंचं. मदतीला पांडुरंग गोपाळ पाध्ये हे शास्त्रीबुवा होते. छापून येताना लेखक म्हणून नाव भाऊंचं. भगवानलालला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं.

हे वाचताना मला आमच्याकडचं आठवतं. एका संस्थेसाठी आम्ही बायकांनी वस्तीत घरोघर फिरून बाळंतपणांची माहिती गोळा केली होती. कुणाला दारातूनच हाकललं, कुणी चहा पाजला. वर्षभराने जाड अहवाल छापून आला, तेव्हा आभाराच्या पानावरही आमच्यापैकी एकीचं नाव नव्हतं. म्हणून मी भाऊंना या बाबतीत जरा कडक नजरेनेच बघते. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. पैसा त्यांचा स्वतःचा होता, सरकारचा नव्हे, आणि तो पैसा बुडाल्यावरही त्यांनी भगवानलालचे दौरे बंद केले नाहीत.

पैसा बुडाला तो असा. अमेरिकेत १८६१ ला यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसाशिवाय गत्यंतर उरलं नाही. मुंबईत नुसता पैशाचा पाऊस! रोज नवी कंपनी, समुद्र हटवून जमीन काढायच्या कंपन्यांचे शेअर तर सोन्याहून महाग. न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळे त्यात. एवढी पुराव्याला धरून चालणारी बुद्धी, पण आमचे डॉक्टरही त्यात. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, आणि जुलै उजाडला तशी मुंबईची दिवाळी निघाली. भाऊंची आयुष्याची कमाई त्यात गेली. आर्यभटाचा निबंध निघाला ते वर्षही हेच. एका बाजूला विद्वानांत नाव आणि दुसऱ्या बाजूला घरात खडखडाट. घरातल्या बायकांनी ते दिवस कसे काढले असतील याचं मला फार कुतूहल आहे. चरित्रांत ते येत नाही.

बाकी त्यांची सार्वजनिक कामं किती म्हणून सांगू! १८५२ मध्ये निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक. मुलींच्या शाळा चालवणाऱ्या स्टुडंट्स सोसायटीचे अध्यक्ष. १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ. ज्या म्युझियमपासून मी सुरुवात केली, त्यासाठी जगन्नाथ शंकरशेटांबरोबर त्यांनी वर्गणी जमवली. ते १८७२ मध्ये उघडलं, व्हिक्टोरिया आणि अल्बर्टच्या नावाने. भाऊंचं नाव लागायला १९७५ साल उजाडावं लागलं.

एक प्रसंग मात्र सांगते. १८६२ चा महाराज लायबल खटला. करसनदास मूळजींनी वैष्णव महाराजांच्या अनाचारांवर लिहिलं आणि महाराजांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. देवळात जाणाऱ्या बायकांची कशी विटंबना होते ते सगळं कोर्टात आलं. साक्षीला बायका येणार नव्हत्या, येणं शक्यच नव्हतं. तेव्हा भाऊ आणि आणखी एक डॉक्टर उभे राहिले आणि महाराजांच्या गुप्तरोगांबद्दल त्यांनी शपथेवर सांगितलं. डॉक्टरने रोग्याचं गुपित फोडावं का? एरवी मी नाहीच म्हणेन. इथे मात्र ज्यांना तोंड उघडता येत नव्हतं त्यांच्या बाजूने एका माणसाने आपली प्रॅक्टिस पणाला लावली, असंच मी समजते. मुख्य आरोपात निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

मे १८७४ मध्ये भाऊ गेले, जेमतेम एकावन्न वर्षांचे. पुष्कळ लेख वाचायचे, लिहायचे राहून गेले. त्यानंतर भगवानलाल स्वतः लिहू लागले, गुजरातीत, आणि ब्यूलर नावाचे जर्मन पंडित त्यांचं इंग्रजी करत. आता लेखावर नाव भगवानलालचं असे आणि खाली भाषांतर करणाऱ्याचं. १८७७ मध्ये जुन्या अंकांवरचा त्यांचा निबंध आला, १८८२ मध्ये त्यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, आणि पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने ज्याला इंग्रजी येत नव्हतं त्याला सन्माननीय डॉक्टर केलं. ते १८८८ मध्ये वारले. त्याच वर्षी कलकत्त्यात भाऊ दाजींच्या विखुरलेल्या निबंधांचं पुस्तक निघालं.