नानाभाय मूस आणि कुलाब्याची सुई



गेल्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर दहावीच्या मुलांनी आम्हांला गाठले. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते, हे पाठ करून परीक्षेपलीकडे उपयोग काय, असा त्यांचा सवाल होता. तेव्हा आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. आज एका माणसाचे चरित्र सांगतो. ते ख्रिस्ती नव्हते, पारशी होते. आणि त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे आपल्याच कोकण किनाऱ्यावर एका सुईची राखण करण्यात घालवली.

आपल्या हर्णे बंदरातल्या तांडेलांना होकायंत्राची ओळख करून द्यायला नको. पृथ्वी स्वतःच एक मोठे चुंबक आहे, म्हणून सुई उत्तर-दक्षिण राहते. पण ती अगदी स्थिर नसते. दिवसभरात ती किंचित सरकते, आणि कधीकधी पिसाटल्यासारखी हलते. त्याला चुंबकीय वादळ म्हणतात, त्याचे मूळ सूर्यावर असते. ही हालचाल मोजण्याचे काम मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ साली सुरू झाले. पुढे दर तासाला माणसे डोळ्यांनी पाहून नोंद करीत.

सप्टेंबर १८५९ मध्ये फार मोठे चुंबकीय वादळ आले आणि कुलाब्याच्या वहीत ते उतरले. त्याच वर्षी, २९ ऑक्टोबरला, नानाभाय अर्देशीर फ्रामजी मूस यांचा मुंबईत जन्म झाला. मुंबई-पुण्यात शिकून ते एडिंबरोला गेले, तेथून विज्ञानाची पदवी घेऊन आले. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी काही काळ शिकवलेही. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

थोड्याच वर्षांत संकट उभे राहिले, तेही प्रगतीच्या रूपाने. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरत होते. लोकांना आनंद झाला असणार, घोड्यांनाही! पण नानाभायांना दहावीचा तो धडा ठाऊक होता. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड या प्राध्यापकाने होकायंत्राजवळच्या तारेतून वीज सोडली, तेव्हा सुई वळली होती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कार्यकारणभावावर आम्ही पानेच्या पाने लिहिली, पण इतका लहान आणि इतका स्पष्ट दाखला आमच्या वाचनात आला नव्हता. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. त्यातला काही जमिनीत झिरपतो. कुलाब्याची सुई मग पृथ्वीचे सांगेल की ट्रामचे, हे कोण ओळखणार? साठ वर्षांच्या नोंदींचा धागा तिथेच तुटला असता.

ट्रामला अडवून शहराची सोय रोखणे शक्य नव्हते. नानाभायांनी जागा बदलली. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर, समुद्राकाठी, अलिबाग. तिथली वेधशाळा चुंबकाला न ओढणाऱ्या सामानाची बांधली. लोखंड वर्ज्य, त्याजागी तांबे-पितळ. दगडसुद्धा पारखून घेतला, कारण कोकणातल्या काळ्या दगडात लोहाचा अंश असतो आणि तो सुईला फसवतो.

पण आमच्या मते त्यांची खरी हुशारी पुढेच आहे. घर बदलले की तराजू बदलतो. जुन्या आणि नव्या जागेचे आकडे जुळणार कसे? म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले. दोहोंतला फरक नेमका कळला, आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबवले. विजेची ट्राम मुंबईत धावली ती मे १९०७ मध्ये. म्हणजे ट्रामच्या आधीच सुई सुखरूप पोचली होती.

नंतर त्यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी तपासून, जुळवून १९१० मध्ये दोन मोठ्या खंडांत छापल्या. वादळ अचानक कसे सुरू होते, पुढचे काही दिवस सुई कशी वागते, याचा त्यांनी त्यात बारकाईने विचार केला. हे कंटाळवाणे काम होते. आम्हांला तर धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरे नकलून काढतानाच घाम फुटतो! १९१९ मध्ये ते निवृत्त झाले, ११ फेब्रुवारी १९३६ रोजी वारले.

२००३ मध्ये शास्त्रज्ञांनी १८५९ चे ते वादळ किती मोठे होते हे ठरवायला घेतले, तेव्हा कुलाब्याच्या वहीतले आकडे हाती होते. सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट तिथल्या पाळीवरच्या माणसांनी टिपून ठेवली होती. तसले वादळ आज आले तर उपग्रह आणि विजेच्या वाहिन्या संकटात येतील, म्हणून त्या आकड्यांना मोल आहे. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

मुलांनो, पुढच्या रविवारी मिस्सेनंतर थांबा. टॉर्चचा एक सेल आणि हातभर तांब्याची तार आम्ही आणतो. तार क्षणभरच जोडायची, नाहीतर तापते; आणि घरच्या प्लगला हात लावायचा नाही. होकायंत्र मात्र कुणीतरी आपल्या होडीवरून मागून आणा.

आपले फादर