पंडिता रमाबाई आणि एक हिब्रू शब्द

पंडिता रमाबाईंचें चरित्र आमच्या वाचकांच्या सामान्यतः परिचयाचें आहे. तथापि अनाथांची माता म्हणून त्यांची जितकी ख्याति आहे, तितकी भाषांतरकार म्हणून नाहीं. ह्या दुसऱ्या नात्यानें त्यांची ओळख करून देण्याचें आम्ही येथें योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे पंडित. त्यांनीं लोकमताची पर्वा न करितां पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस संस्कृत शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं तें आपल्या कन्येस दिलें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडे. देवळांत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावें आणि श्रोते जें फूल, फळ वा दक्षिणा ठेवतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. वाचन संस्कृतांत चाले. श्रोत्यांपैकीं बहुतेकांस त्याचा अर्थ कळत नसे. केवळ श्रवणानें पुण्य लाभतें, एवढीच त्यांची श्रद्धा. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

दुष्काळानें आईबापांचें छत्र हिरावून नेलें. पुढें १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं ह्या तरुणीस पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या अर्पण केल्या. १८८० मध्यें बिपिन बिहारी मेधावी ह्यांच्याशीं विवाह झाला, परंतु दोनच वर्षांत वैधव्य आलें. १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या व तेथेंच त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन निघालें आणि पुढें केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळांत बाई आपल्या मध्यप्रांतांत आल्या आणि अन्नान्नदशा झालेल्या शेंकडों स्त्रिया व मुली त्यांनीं मृत्यूच्या दाढेंतून सोडविल्या. म्हणून आम्हां खापरखेड्याच्या व नागपूर प्रदेशाच्या रहिवाशांस त्यांचें नांव परकें नाहीं.

ह्या मुलींच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें? बायबलाचीं मराठी भाषांतरें होतीं, परंतु त्यांतील संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांस पेलत नसे. तेव्हां उतारवयाकडे झुकलेल्या बाईंनीं हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास आरंभिला आणि मुळावरून स्वतः भाषांतर करावयास घेतलें.

हें काम किती बिकट, हें एकाच शब्दावरून कळेल. हिब्रू शास्त्रांत हार्तुम असा एक शब्द आहे. त्याचें अनेकवचन हार्तुम्मीम. फारोचीं स्वप्नें ज्यांस उलगडलीं नाहींत ते हार्तुम्मीम. मोशेपुढें ज्यांनीं काठ्यांचे सर्प केले तेही हार्तुम्मीम. दानीएलाच्या पुस्तकांतील अरामी भागांतही हाच शब्द बाबेलच्या दरबारांतील पंडितांस लाविला आहे. कोरण्याच्या लेखणीस हिब्रूंत जें नांव आहे, त्यावरून हा शब्द निघाला असावा, असें पूर्वीं कित्येक म्हणत. आतां बहुतेक अभ्यासकांचें मत असें कीं तो मूळचा मिसरी आहे. देवळांत पोथी हातीं धरून विधींचे मंत्र वाचणारा जो मुख्य पाठक, त्याच्या पदवींतील मुख्य ह्या अर्थाचा अंश तेवढा हिब्रूंत उतरला. अश्शूरच्या राजांपाशींही ह्याच नांवाचे मिसरी स्वप्नवेत्ते असल्याची नोंद सांपडते.

मग मराठींत काय लिहावें? जादूगार म्हटलें तर बाजारांतील गारुडी डोळ्यांपुढें येतो. मांत्रिक म्हटलें तर गांवचा भूत उतरविणारा. ज्योतिषी म्हटलें तर पंचांग उघडून बसलेला जोशी. शास्त्री म्हणावें तर विद्या येते, पण मंत्रसामर्थ्य जातें. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनींही योसेफाच्या कथेंत अर्थ सांगणारे आणि मोशेच्या कथेंत मंत्र म्हणणारे असे दोन भिन्न शब्द योजिले. ही निवड क्षुल्लक नव्हे. हरले ते क्षुद्र गारुडी, असें वाचकास वाटलें तर कथेचा प्राणच जातो. साऱ्या राज्याची पोथीनिष्ठ विद्या जेथें कुंठित झाली, तेथें एक परका बंदिवान बोलला, हें तिचें मर्म आहे.

पोथी हातीं घेऊन राजाश्रयावर किंवा लोकाश्रयावर जगणाऱ्या पाठकाचें जिणें रमाबाईंस ग्रंथांतून शिकावें लागलें नाहीं. त्यांचें बालपणच त्यांत गेलें होतें. न कळणाऱ्या वाचनाचा मान किती आणि उपयोग किती, हें त्यांनीं पाहिलें होतें. म्हणूनच पदवीनें पंडिता असूनही त्यांनीं पांडित्याची भाषा टाकून घरगुती मराठी पत्करिली, असें आम्हांस वाटतें.

सुमारें दीड तप हें काम चाललें. मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच खिळे जुळविले आणि छापखाना चालविला. जुलै १९२१ मध्यें एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, तरी बाईंनीं हातचें काम सोडलें नाहीं. तें तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्यें बाहेर आला.

आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं ह्यावरून एवढें घ्यावें कीं, अवघड शब्द आढळतांच जवळचा शब्द ठोकून देऊं नये. तो कोठून आला, कोणाच्या मुखीं होता आणि ऐकणाऱ्यास त्यांतून काय कळेल, हें तिन्ही पाहावें. विद्या मिळविण्यास बुद्धि पुरते. ती दुसऱ्यास कळेल अशी करण्यास अंतःकरण लागतें.